वाकून चालवायची सायकल

"वाकून चालवन तं वाघाले हे पोरगी जनावरच वाटन, भाऊ," आपल्या सायकलमध्ये हवा भरायला आलेली मावशी दुकानदाराला म्हणाली. तो हसला.

मी चंद्रपूरच्या त्या दुकानात माझ्या बजेटमध्ये बसणारी एकमेव रोड बाइक निरखत होते, खाली वळलेल्या हँडलची. मावशी हसली नाही. बोलता बोलता ती मागे वळून पाहायची, भर बाजारातही. जंगलातल्या रस्त्याने रोज येणाऱ्यांची ती सवय असावी.

"फिराले संगं कोन हाय तुह्या?" तिने मला विचारलं.

इथून जवळच्या ऊर्जानगरला नोकरीवर आल्यापासून हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी उगाच सीट दाबून पाहिली.

"कोणीच नाही," मी म्हणाले. "मावशी, सकाळी तुमच्यासोबत येऊ का?"