जुडग्यातली किल्ली आणि दरेकसाची वाट

मावशीचा फोन आला तेव्हा मी नागपुरात मेथी निवडत बसले होते. "मावसाजीले दरेकसा पाहाचं हाय. आपल्याच गाडीत. तू चालवशील का?" एवढंच. आमच्या झाडीपट्टीत फोनवर प्रस्तावना करायची पद्धत नाही.

मावसाजींना काचबिंदू झालाय. बाजूचं दिसणं हळूहळू गेलं आणि आता समोरचं तेवढं उरलंय, नळीतून पाहावं तसं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेलं परत येत नाही, आणि उरलेलं किती टिकेल तेही सांगता येत नाही. गाडी चालवणं त्याच दिवशी बंद झालं. डोळ्यांत उजेड आहे तोवर सालेकशाच्या पुढचा, दरेकसाकडे जाणारा जंगलातला रस्ता एकदा आपल्या अँबेसिडरच्या पुढच्या सीटवरून पाहायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी याच गाडीवर चालवायला शिकलेली, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. मेथी तशीच ठेवून आधी रजेचा अर्ज टाकला.

नागपूरहून गोंदियाला जाणाऱ्यांना माझा सल्ला, सरळ रेल्वे पकडा. गाड्यांना तोटा नाही, आणि स्टेशनाबाहेर पडल्यावर गरम आलूबोंडा खायला पोटात जागा राहते. तिथून मावशीच्या फुलचूरला ऑटो मिळतो. भाव आधी ठरवून घ्या, आणि हिंदीत ठरवा. गोंदिया शहरात मराठी बोललात तर समोरचा आदरानं ऐकतो आणि उत्तर हिंदीतच देतो.

मावशीच्या घराशेजारी टिनाच्या शेडखाली गाडी उभी होती. दुधाळ रंग, डावीकडच्या दारावर जुना पोचा, बाकी मावसाजींनी पुसून पुसून चकचकीत ठेवलेली. या गाडीची किल्ली डॅशबोर्डच्या मधोमध लागते, आणि त्या किल्लीला लटकलेला असतो मावशीचा जुडगा. हा जुडगा म्हणजे आमच्या घराण्यातला एक नमुना आहे. कपाटाची किल्ली, धानाच्या कोठीची, मोटारपंपाच्या खोलीची, किराणा ठेवायच्या पेटीची, आणि ज्यांची कुलपं केव्हाच भंगारात गेली अशा चारपाच म्हाताऱ्या किल्ल्या. उचलला तर मनगट दुखावं असा ऐवज.

गाडी घरी आली त्या दिवशी मावसाजींनी किल्ली मावशीच्या हातात दिली आणि म्हणाले, घरच्या किल्ल्यांसोबत ठेव. तिनं ती जुडग्यात ओवली ती कायमची. परिणाम असा झाला की गाडी बाहेर निघाली की घरातली साखर-पत्तीसुद्धा कुलपात अडकायची. मग मावशी मागे राहून करणार काय? शेतावर, बाजारात, लग्नाकार्यात, जिथे गाडी तिथे जुडगा आणि जिथे जुडगा तिथे मावशी. आम्ही भाचरं तिला यावरून फार छळायचो. तीही कुरकुरायची, की या माणसाच्या पायी मले घरचं काम सुदं करता येत नाही.

सकाळी निघालो. मावसाजी पुढे माझ्या शेजारी, मावशी मागे डब्यासोबत. डब्यात पुऱ्या आणि लाखोरीच्या डाळीचे वडे होते. मार्च महिना, रस्त्याच्या कडेला मोहाच्या झाडांखाली बाया टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या आणि उघड्या खिडकीतून तो गोडसर, आंबूस वास आत येत होता. गोंदिया ते आमगाव रस्ता चांगला आहे, पण एका खड्ड्यात गाडी आदळली तशी जुडगा झणकन हलला आणि इंजिन क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू झालं. मी दचकले. मावसाजी समोर बघत म्हणाले, करते ती असं कधीकधी, तू चालव.

आमगावात चहाला थांबलो. चहा छान होता. परत येऊन किल्ली फिरवली तर काही नाही. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागेना, स्टार्टर हूं की चूं करेना, आणि किल्ली चमच्यासारखी सैल फिरत राहिली. हॉर्न मात्र ठणठणीत वाजत होता, म्हणजे बॅटरी ठीक. चहावाला आणि दोन भले गृहस्थ यांनी धक्का मारून गाडी पलीकडच्या इस्माईलभाईंच्या दुकानापर्यंत पोचवली. इस्माईलभाई ऑटो इलेक्ट्रिशियन. धानाचा मुलूख असल्यानं त्यांच्या दारात ट्रॅक्टरच ट्रॅक्टर. मावसाजींचं शेत आमगावजवळ, त्यामुळे दोघांची ओळख जुनी.

त्यांनी टेस्टलॅम्प लावून पाहिला. "बाईजी, करंट स्विच तक आ रहा है, आगे नहीं जा रहा," ते मला म्हणाले. बॅटरीची तार सोडली, डॅशबोर्डवरची गोल रिंग उघडली आणि मागून स्विच बाहेर ओढला. त्याला तीन तारा होत्या. एक बॅटरीकडून येणारी, एक कॉइलला जाणारी, एक स्टार्टरला. कुठली कुठे हे कळावं म्हणून प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर हे लक्षात ठेवा, बॅटरी आधी सोडायची आणि तारांना खूण करायची. आतल्या पितळी पत्त्या जळून काळ्या झाल्या होत्या. त्या पॉलिश पेपरनं घासता आल्या असत्या, पण किल्लीचं भोकच झिजून ढिलं झालं होतं. त्यावर इलाज नव्हता.

या गाडीचे स्विच पूर्वी मिळायचे, आता आमगावात कुठून मिळणार? इस्माईलभाईंनी तोडगा काढला, की किल्लीची झंझटच नको, एक साधं बटण लावून देतो, दाबलं की चालू. स्वस्तही पडेल आणि लगेच होईल. मला ते पटलं, कारण उन्हं चढत होती आणि मावसाजींचे डोळे दुपारनंतर थकतात हे मावशीनं मला सांगून ठेवलं होतं. पण मावसाजी ऐकेनात. किल्लीच पाहिजे म्हणाले. मला वाटलं, म्हातारपणचा हट्ट.

इस्माईलभाई वैतागले. जुडगा हातात तोलत म्हणाले, "तो फिर ये गुच्छा निकालो साहेब. पिछली बार भी बोला था, उसके पहले भी बोला था. इतना वजन लटकेगा तो कौनसा स्विच टिकेगा?"

बाकावर बसलेली मावशी उभी राहिली. आजवर गाडी रस्त्यात अडली की तिनं मावसाजींच्या भंगार गाडीचा उद्धार केलेला मी कितीदा ऐकलाय. आता ती एकदम लहान दिसायला लागली. "मंजे माह्या किल्ल्यांनी खराब होऊन राहिलं होतं? अन् तुमाले ठाऊक होतं?"

इस्माईलभाई शहाणा माणूस, ट्रॅक्टरचा स्विच बसतो का पाहतो म्हणून आत निघून गेले.

"मले सांगतलं काऊन नाही?" मावशीनं विचारलं.

मावसाजींनी मान वळवली. बाजूचं दिसत नसल्यामुळे तिला पाहायला त्यांना पूर्ण वळावं लागतं. "जुडगा काढला असता तं तू घरी राहिली असती," ते म्हणाले.

बस, एवढंच बोलले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे लपवण्यात अर्थ नाही. इतकी वर्षं आम्ही ज्याला मावशीचं किल्लीवेड म्हणून हसलो, ती या माणसाची तिला सोबत नेण्याची युक्ती होती. स्विच जळत गेले, ते गुपचूप बदलत गेले, वर तिची बोलणीही खाल्ली. आमच्या पिढीत नवरे वाढदिवसाला केक मागवतात आणि त्याचा फोटो टाकतात. असो.

ट्रॅक्टरचा स्विच वायसर टाकून चपखल बसला. इस्माईलभाईंनी चिंध्या पाहून तारा जोडल्या, किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात बोलली. सगळं मिळून हजाराच्या आतच काम झालं. दुसऱ्या दुकानात तुम्हाला वेगळा भाव सांगतील, पण जुन्या गाडीला ट्रॅक्टरचा स्विच चालू शकतो, हे विचारून नक्की पाहा. नवी किल्ली एकटीच डॅशबोर्डवर राहिली. जुडगा मावशीच्या मांडीवर. पेट्रोल आमगावातच भरून घ्या, पिण्याचं पाणीही. पुढे भरवसा नाही.

सालेकसा मागे पडलं. मी आरशात पाहिलं तर मावशी खिडकीबाहेर बघत होती. रागावली की रडतेय ते कळेना. मग जंगल लागलं, रस्ता अरुंद झाला, आणि ती एकदम म्हणाली, "सरळ बलावलं असतं तं आली नसती का मी?"

"तू म्हनली असती, घरी काम पडलं हाय."

खोटं बोलणं मावशीच्या स्वभावात नाही. "हो, म्हनली असती," ती म्हणाली, आणि हसली. मग मावसाजीही हसले.

दरेकसाला पोचलो तेव्हा उन्हं कलायला लागली होती. डोंगरांमधलं छोटंसं स्टेशन, आजूबाजूला झाडी, एखादी मालगाडी धडधडत गेली की पुन्हा शांतता. जवळचा धबधबा मार्चमध्ये नावापुरता असतो. पाण्यासाठी येणार असाल तर पावसाळा सरता सरता या. आम्हाला पाणी नकोच होतं. मी गाडी सावकाश, अगदी बैलगाडीच्या चालीनं नेत होते. मावसाजी दोन्ही हात डॅशबोर्डवर ठेवून पुढे वाकले होते. समोरचा रस्ता त्यांना दिसत होता, बाजूचं नाही.

मागून मावशीनं पुढच्या सीटवर हनुवटी टेकवली आणि त्यांच्या कानाशी सुरू झाली. डाव्या अंगाला पळस फुलला हाय. उजवीकडे गोंडाच्या पोरी लाकडं घेऊन चालल्या, एकीनं आपल्याकडं पाहून हात केला. आता डोंगर जवळ आला. आता बांबू. तिला वर्णनबिर्णन येत नाही, जे दिसेल ते सांगत होती, आणि मावसाजी ती म्हणेल तिकडे मान वळवून ते स्वतःही शोधत होते. काही सापडत होतं, काही नाही. नाही सापडलं की म्हणत, "राहू दे, पुढचं सांग."

एका मोहाखाली गाडी लावून डबा खाल्ला. वडे गार झाले होते आणि मस्त लागले. परतताना मावसाजी झोपले, गोंदियाचे दिवे दिसेपर्यंत.

नागपूरला येऊन आता दीड महिना झाला. लोक विचारतात, दरेकसाला पाहण्यासारखं काय आहे. मी रस्ता सांगते, मोहाचा वास सांगते, इस्माईलभाईंच्या दुकानाचा पत्ता सांगते. माझ्यापाशी खरं जे उरलं ते वेगळं आहे. आपल्या माणसाला सोबत चल म्हणायची लाज एखाद्याला इतकी वर्षं वाटू शकते, आणि समोरचं माणूस ती लाज ठाऊक नसतानाही आयुष्यभर सोबत जाऊही शकतं. मला याचं वाईट वाटतं आणि हेवाही वाटतो. दोन्ही खरं.

परवा मावशीला फोन केला. मावसाजींची नजर आणखी कमी झाली आहे. गाडी शेडमध्येच असते. मी विचारलं, ते काय करतात दिवसभर.

"आता विचारतेत," मावशी म्हणाली.

काय विचारतात?

"काल सकाळी म्हनले, येतं का माह्यासंग? मी म्हटलं, कुठी जाऊन राहिले? तं म्हने, फाटकापर्यंत. भाजी गॅसवर होती. बंद केली अन् गेली."