कमेंटी आधी मी वाचते

शिव्यांचेही किस्से साठतात हो. अमोलच्या रेसिपी चॅनलच्या कमेंटी वाचता वाचता माझ्याकडे पोतंभर झालेत. अमोल माझा कॉलेजचा मित्र. शहरात सदर वस्तीतल्या त्याच्या शोभामावशीच्या किचनमध्ये तो रांधतो, मावशी ओरडते, मी शूटिंग करते.

मागच्या वर्षी वांग्याची भाजी परतता परतता त्यानं कॅमेऱ्यात सांगून टाकलं, "मी गे आहे." आणि भाजीवर झाकण ठेवलं. तेव्हापासून गावी पारशिवनीला राहणारे त्याचे बाबा त्याचा फोन उचलत नाहीत, आणि अमोल कमेंटी उघडत नाही. बाबा हे सगळं वाचत असतील, ही त्याला धास्ती. म्हणून आधी मी वाचते आणि घाण असेल ते लपवते.

एक काका रोज सकाळी लिहायचे, "तुमच्यासारख्यांनी संस्कृती बुडवली." एका रविवारी त्याखाली दुसरी ओळ आली, "गोळाभाताचे गोळे फुटून राहिले. पाहुणे बसले आहेत. लवकर सांगा."

मावशीनं लिहिलं, "पीठ जाडं घ्या, घट्ट भिजवा."

"धन्यवाद ताई." सोमवारी सकाळी संस्कृती पुन्हा बुडाली.

एकानं सल्ला दिला, "धंतोलीत एवढे दवाखाने आहेत, याले दाखवून आणा." मी लपवणार, तेवढ्यात मावशीनं मोबाइल ओढला आणि अगदी मनापासून उत्तर लिहिलं, "भाऊ, मी गुडघा दाखवाले गेली तर तीन तास बसवलं. याले तर काहीच झालं नाही, याले किती बसवतीन?"

एका बहाद्दरानं तर अमोलला आईवरून शिवी दिली, तीही स्वतःच्या दुकानाच्या अकाउंटवरून. वर पापडाचा फोटो, खाली मोबाइल नंबर! मावशीनं लावला.

"पापड आहेत काय?"

"आहेत नं ताई. मुगाचे, उडदाचे."

"कालची शिवी तुम्हीच लिहिली नं?"

"ते... पोरानं लिहिली असन."

"किती मोठा आहे पोरगा?"

"दोन वर्षांचा."

"हुशार आहे. दोन किलो मुगाचे पाठवा."

माझं डोकंच फिरलं. त्याचे पापड काहून घ्यायचे? मावशी म्हणे, "पापडानं काय केलं वं?"

पण एक दिवस मी सुट्टीवर होते आणि अमोलनं स्वतःच कमेंटी उघडल्या. पहिलीच होती, "असा पोरगा असण्यापेक्षा नसलेला बरा." त्यानं गॅस बंद केला. म्हणाला, "बाबालेही असंच वाटत असन. चॅनल बंद करू." दोन दिवस किचनमध्ये फिरकला नाही. तेव्हा मात्र आम्हाला कोणालाच हसू आलं नाही.

बंद करण्याआधी साफसफाई करावी म्हणून मी अडकलेल्या कमेंटी उघडल्या. आमची शब्दांची एक यादी आहे. त्यातला शब्द आला की कमेंट आपोआप अडकते, कोणालाच दिसत नाही. निम्म्या शिव्या बापावरून येतात, म्हणून 'बाप' मी पहिल्याच दिवशी यादीत टाकला होता. आणि अडकलेला तो कचरा उघडून पाहायची माझी कधी इच्छाच झाली नव्हती.

त्यात एकच अकाउंट वारंवार दिसत होतं. फोटो नाही, काही नाही.

"वांगं कच्चं राहिलं. तुझा बाप."

"बारीक झाला. खात जा. तुझा बाप."

"लोकाइच्या नादी लागू नको. तुझा बाप."

"कढी फाटली. तुझा बाप."

प्रत्येक व्हिडिओवर एक. वर्षभर.

मी धावत जाऊन मोबाइल अमोलच्या हातात दिला. तो डोळे पुसत वाचत गेला, मावशी पदर तोंडाशी धरून बसली, आणि मी मेली स्वतःच्याच यादीला शिव्या घालत होते. मग त्यानं फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"बाबा," अमोल म्हणाला, "कढी फाटली नव्हती."

"फाटलीच होती. चार खेपा पाहिला मी तो व्हिडिओ."