जिवलीचा डवरा

"नदी घाण होऊ नये म्हणूनच मी बाजूच्या खड्ड्यात डबे धुतले," सरला म्हणाली. "आता यात माझं काय चुकलं, मावशी?"

"खड्डा नाय तो, बाय. डवरा हाय. आख्खा पाडा पितो त्याच्यातनं."

"मग तसं सांगायचं ना आधी."

सरलाच्या हातातला डबा धुऊन लख्ख झाला होता. जिवली डवऱ्याच्या काठाशी उकिडवी बसली. हातभर खोल, वाळूत उकरलेला खळगा. नदीचं पाणी वाळूतून गाळून त्यात झिरपायचं, अगदी तळ दिसेल असं. आता वर कोंबडीच्या रश्श्याचा पिवळा तवंग पसरला होता, साबणाच्या फेसात भाताची शितं फिरत होती आणि कडेच्या दगडाला चघळलेलं हाड चिकटलं होतं.

दर शिमग्यानंतर हा डवरा तीच उकरायची. लग्न होऊन आली त्या वर्षी सासूने जागा दाखवली, तेव्हापासून. भोवती दगड लावायचे, पहिली करवंटी भरून नदीला परत द्यायची, मग बाकीच्यांनी हंडे भरायचे. चपला लांब काढायच्या. डहाणूच्या चिकूवाडीत दिवसभर राबून आली, तरी गाळ काढल्याशिवाय ती भाकरीला बसत नसे. आणि आज घरी लेक पुष्पा पाच दिवसांची बाळंतीण होती. घरातला हंडा सकाळीच रिकामा झाला होता, तोच ती बरोबर घेऊन आली होती.

एकनाथ डहाणूला रेल्वेत होता. सकाळी बायको सरला आणि मुलीला घेऊन तलासरीकडच्या या पाड्यावर आला, घळीतून चालायचंय म्हणाला, आणि जिवलीने हौसेने वाट दाखवली. दोन्ही अंगांना काळे कडे, मधून संथ पाणी. छोटी अदिती तिचं बोट धरून खंड्या पक्षी मोजत होती. माणसं बरी वाटली. तिघं जेवायला बसली तशी जिवली मोहाची फुलं वेचायला वर गेली. डवऱ्याचं सांगायला हवं, हे तिच्या मनातही आलं नाही. पाणी प्यायचं असतं, हे काय कुणाला सांगायचं?

एकनाथ मध्ये पडला. चूळ आपणही त्यातच भरली, हे त्याने हसत कबूल केलं. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "उकळून घ्या की. उकळलं की सगळं मरतं."

जिवलीने करवंटी बुडवली. तवंगासकट भरून त्याच्यापुढे धरली.

"तुमी घ्या, सायब. एक घोट."

तो दोन पावलं मागे सरला. सरलाने पदर नाकाला लावला.

"शी! काहीतरीच काय, मावशी."

जिवली तिच्या तोंडाकडे बघत राहिली. स्वतःच्याच खरकट्याची एवढी किळस. तिने करवंटी लांब वाळूत उपडी केली आणि हात घासघासून पुसला. तरी बोटांना तेल राहिलंच.

एकनाथने पिशवीतून पाण्याच्या दोन बाटल्या काढल्या आणि डवऱ्याच्या दगडावर ठेवल्या, चपला घातलेलं पाऊल वाळूत रोवून.

"ह्या घ्या, सील तोडलेलं नाही. आणि हा काय, उद्यापर्यंत भरेलच ना परत?"

जिवलीने रिकामा हंडा डोक्यावर चढवला आणि पलीकडच्या पाड्याच्या विहिरीची लांबची चढण धरली.