न वाचलेल्या पुस्तकांची खोली

माझ्या तिन्ही कपाटांत एकही वाचलेलं पुस्तक नाही. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. वाचून झालेलं पुस्तक मी घरात ठेवत नाही, शाळेत शिकवत होते तेव्हापासूनची सवय. कोणाला तरी देऊन टाकते आणि परत मागत नाही. घरात राहतात ती फक्त वाचायची राहिलेली. पाहुणे विचारतात, "बाई, एवढी सगळी वाचलीत?" मी म्हणते, "एकही नाही." मग त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं.

गेल्या वर्षी मला दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. आधी सुताराला नावं ठेवून झाली. मग कळलं, चौकट सरळच आहे. कुडाळच्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, उजेड मारला आणि सांगितलं, डाव्या डोळ्याचा पडदा मधोमध खराब झालाय, उजव्यातही सुरुवात आहे. किती दिवस वाचता येईल, विचारलं. म्हणाले, सांगता येत नाही. घरी येईपर्यंत गाडीत भावाशेजारी बसून मनातल्या मनात कपाटांतली पुस्तकं मोजली.

भाऊ माझ्यापेक्षा लहान. मी राहते त्याच्याच संसारात, पण माझी खोली माझी. तिच्या खिडकीतून समुद्र दिसतो, आणि हल्ली आमच्या किनाऱ्यावर ज्याच्या खिडकीतून समुद्र दिसतो तो पर्यटकांना खोली देतो. आठवडा गेला नि हा दारात येऊन उभा राहिला. "गो ताय, वायट वाटून घेव नको. पण ह्यां सगळां आता तू कधी वाचतलस? वाचनालयाक दिवया. खोली पावण्यांक होईत."

वाईट कसलं, संताप आला. म्हटलं, "मी अजून मेले नाही. डोळेही गेलेले नाहीत."

"मग देवीक कौल लावया," तो म्हणाला. विहीर खणायची असो की लग्न ठरवायचं असो, आमच्या गावात कौलाशिवाय पान हलत नाही. देवीचं नाव काढल्यावर मी नाही कशी म्हणणार? गेले त्याच्याबरोबर.

गुरवाने देवीच्या पाषाणावर दोन्हीकडे ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. भावाने सांगितलं तसं त्याने गाऱ्हाणं घातलं. "बाये माऊली, ह्या लेकराच्या घरातली समुद्राकडची खोली पावण्यांसाठी रिकामी करूची आसा. तुझो हुकूम काय?" दोन मिनिटं झाली नसतील, उजवी पाकळी घसरली. भावाने लगेच हात जोडले.

गुरव माझ्याकडे वळला. "बाय, तुका काय इचारूचा आसा?"

"डोळ्यांचा इचार," भाऊ कानाशी पुटपुटला. गुरवाने नवी पाकळी भिजवलीसुद्धा होती.

"माका कायएक इचारूचा नाय," मी म्हटलं आणि पायऱ्या उतरले.

वाटेत भाऊ चिडला. देवीला विचारायला कसली लाज? लाज नाही रे, भीती. खरंच सांगितलं त्याला. डावी पडली असती तर मी पुन्हा एकही जाड पुस्तक उघडलं नसतं. उजवी पडली असती तर आळस केला असता. दोन्ही मला नको होतं. डॉक्टरला सांगता येत नाही ना, मग कोणीच सांगू नका.

कौल मात्र मी मानला. देवीने खोली मागितली, खोली दिली. पुस्तकांचं तू विचारलंच नव्हतंस, मी भावाला म्हटलं, आणि न विचारलेलं देवी सांगत नाही. चूक त्याची होती, त्यालाही कळलं. शेंडी तुटो की पारंबी, पुस्तकं घराबाहेर जाणार नव्हती. दुपारी तिन्ही कपाटं माजघरात आणायला घेतली. "आता माणसांनी जेवचा खंय?" भावजय म्हणाली. म्हटलं, कपाटांच्या मधे जागा आहे की.

ओझं हलकं करायला भाऊ पुस्तकं काढत होता. सगळ्यांत जाड पुस्तक हातात घेऊन तो थांबला. शेवटचं पान उघडून आकडा बघितला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ह्यां संपापर्यंत डोळे ऱ्हवले नाय तर?"

"तर उरलेलं तू वाचून दाखवायचं."

शाळा सुटल्यापासून त्याने पुस्तक हातात धरलेलं नव्हतं. त्याने ते दोन्ही हातांत तोलून बघितलं. "मदीच कसां वाचतलंय? पयलां काय झालां ता माका समाजूक नको?" म्हणाला, आणि कपाट तसंच टाकून खाली बसला.

तेव्हापासून ते पुस्तक आम्ही दोघं वाचतोय. सकाळी भिंग घेऊन मी, जेवणानंतर तो. तो माझ्या चाळीस पानं मागे आहे, आणि मी त्याच्यासाठी थांबणार नाही.