हिरव्या बादलीतला सेन्सर

‘सेन्सर बादलीत, विष नदीत.’ हे वाक्य माझं आहे. नदी वाचवण्यासाठी धडपडणाऱ्या आमच्या गटाच्या पत्रकावर ते सगळ्यात वर, ठळक अक्षरांत छापलं होतं. अंबरनाथपासून उल्हासनगरपर्यंत पोरांनी ते स्टेटसला लावलं आणि मी चार दिवस मान ताठ करून हिंडले. वाक्य माझं होतं, पण त्यातली बातमी मी आमच्याच घरातून उचलली होती.

पप्पा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत सांडपाणी साफ करायच्या प्लांटवर ऑपरेटर होते, माझ्या जन्माच्या आधीपासून. कारखान्याचं घाण पाणी त्यांच्या टाक्यांत यायचं. त्यात चुना पडायचा, हवा सोडायची, गाळ बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी बाहेर काढायचं. पुढे कंपनीने बाहेर जाणाऱ्या पाण्यात सेन्सर बसवला. आकडे थेट सरकारी प्रदूषण बोर्डाच्या कॉम्प्युटरवर. नारळ फुटला, पेढे वाटले. पप्पा घरी येऊन म्हणाले, "आता माझ्यावर कोणी डाउट घ्यायला नको. मशीनच बोलणार." मी तेव्हा कॉलेजात होते. हरित तंत्रज्ञानावरच्या भाषणात मी हाच सेन्सर ठोकून दिला आणि दुसरा नंबर काढला.

मग प्रॉडक्शन वाढलं. टाक्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

एका रविवारी दुपारी जेवताना पप्पा हसत म्हणाले, "आमचा सेन्सर हल्ली बादलीत बसतो. हिरवी बादली, बोअरचं स्वच्छ पाणी. दिवसभर आंघोळ, रिझल्ट एकदम फर्स्ट क्लास."

"आणि खरं पाणी?" मम्मीने विचारलं.

"ते जातं आपल्या वाटेनं." मग त्यांचं हसू गेलं. "साहेबांनी सांगितलं ठेवा, आम्ही ठेवला. हे घरात राहू दे." शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. मी मान हलवली.

बुधवारी मी पत्रक लिहून मोकळी.

कंपनीचं नाव मी टाकलं नव्हतं. त्यामुळे पप्पा सुरक्षित आहेत, अशी मी स्वतःची समजूत घातली. बादलीचा रंग मात्र टाकला, कारण गटात आम्हाला शिकवलेलं असतं की बारीक तपशील दिला की लोक विश्वास ठेवतात. उल्हासनगरला कॅम्पातल्या ज्या सिंधी अंकलकडे आम्ही छापतो, त्यांनी प्रूफ वाचून चष्मा वर केला.

"बेटा, बाल्टी का कलर भी डाल दिया?"

"पब्लिकला पटतं, अंकल."

"पब्लिक छोड़. जिसकी बाल्टी है, उसको भी पटेगा."

मी हसले आणि घाई आहे म्हणाले.

पत्रक निघाल्यावर चौथ्या दिवशी सकाळी औद्योगिक वसाहतीच्या नाक्यावर मी पत्रकं वाटत उभी होते. तिथे काका भेटले. पप्पांच्या शिफ्टचे हेल्पर, ठेकेदाराकडचे कामगार, बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरचे. चौदा एप्रिलला दरवर्षी आमच्याकडे जेवायला येणारे, आणि भात झोडून झाला की नवा तांदूळ घेऊन येणारे.

"काय गं पोरी, एवढ्या उन्हात?"

"वाचा काका. महत्त्वाचं आहे."

"तू दिलास म्हंजे वाचायलाच पायजे," म्हणत त्यांनी कागदाची नीट चौघडी केली, डब्याच्या पिशवीत ठेवली आणि ड्युटीवर गेले. मला तर तेव्हा बरंच वाटलं होतं, की एक तरी कामगार आपला कागद फेकून देत नाही.

कंपनीच्या गेटवर पिशव्या तपासतात. पत्रक आधीच साहेबांच्या टेबलावर पोचलं होतं. बादलीचा रंग माहीत असलेले हेल्पर आणि ऑपरेटर मिळून दोघंच, आणि त्यातल्या एकाच्या पिशवीत तोच कागद सापडला. काकांचा गेटपास तिथेच काढून घेतला. पप्पा कायम नोकरीतले, जुने, विश्वासातले. त्यांना कोणी एका शब्दाने विचारलं नाही.

संध्याकाळी पप्पा चपला न काढता दारातच बसले आणि मम्मीला हे सगळं सांगितलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मी उद्या जाऊन सांगते, ते काका नव्हते म्हणून," मी म्हणाले.

"मग कोण होतं?" पप्पा म्हणाले. "तेही सांगशील ना?"

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. पप्पांनीही साहेबांना काही सांगितलं नाही. घरात टीव्हीचा आवाज मात्र वाढला.

यानंतरचं लिहायला मला जास्त जड जातंय. गटातल्या पोरांना कोणीतरी बातमी दिली की एका कामगाराला काढलंय. "एक नंबर मुद्दा आहे," म्हणाले, "दुसरं पत्रक काढू." आणि ते मी लिहिलं. ‘सत्य सांगणाऱ्या कामगाराचा बळी.’ बसल्या बैठकीला लिहिलं, एक शब्द खोडला नाही. खरोखर चीड येत होती मला, कंपनीची. स्वतःची चीडही मी त्यांच्याच खात्यावर घातली.

मग काकांचा फोटो हवा म्हणून मी पाड्यावर गेले. ते अंगणात कुंपणाच्या काठ्या बांधत होते. काकींनी कोरा चहा दिला. मी मजकूर वाचून दाखवला. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"यातला माणूस लय शूर हाय," ते म्हणाले. "पण मी तर कुनाशी काय बोललोच नाय."

"पण अन्याय तर झालाच ना, काका."

"झाला. आता बदलापूरला दोन कंपन्यांत गेलतो. दोन्हीकडं गेटवरूनच परत. हा बाहेर बोलतो म्हनतात." त्यांनी सुतळी दाताने तोडली. "तू हे छापलास तर मग झालंच. फोटो पण लावनार म्हनतेस."

मी कागद पर्समध्ये कोंबला.

"बादलीचा रंग मना ठाऊक आन् तुझ्या पप्पाला," ते खालच्या आवाजात म्हणाले. "साहेबानी दहादा इचारला, बाहेर कोन बोलला. मी बोललो, मना नाय म्हाईत."

काकी म्हणाल्या, "ह्यांना मी म्हनलं, नाव सांग न् मोकळा हो. तर बोलले, त्यांच्या घरचं खाल्लंय." त्या भांडत नव्हत्या. भांडल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, मला उत्तरं द्यायला येतात. चहा तसाच ठेवून मी उठले आणि सॉरीसुद्धा नीट म्हटलं नाही.

घरी आल्यावर पप्पांना सगळं सांगितलं, जसंच्या तसं. सकाळी ते नेहमीच्या युनिफॉर्मऐवजी पांढरा शर्ट घालून गेले आणि साहेबांना सांगितलं की घरात बोललो तो मीच. मी बरोबर येते म्हणाले होते. "तू नको," एवढंच ते म्हणाले.

काकांना परत घेतलं नाही. पण ठेकेदाराने त्यांच्याबद्दल चार ठिकाणी फोन केले, आणि महिन्याभरात बदलापूरच्या एका कंपनीत ते कामाला लागले. पप्पांना राजीनामा द्यायला सांगितलं.

"तुझं लिहिणं चांगलं आहे," ते म्हणाले आणि माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. "लिही."

त्यांनी सांगितलं तसं मी लिहीत गेले. मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय. कंपनीविषयी माझी काहीही तक्रार नाही. ‘तक्रार नाही’ला माझा पेन थांबला. पप्पा म्हणाले, "लिही की. नाहीतर हिशोबाचे पैसे अडकवून ठेवतील."

मी लिहिलं. त्यांनी एकदा वाचून सही केली, कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला आणि चपला घालता घालता मम्मीला म्हणाले, जेवायला थांबू नका, तिथे किती वेळ बसवतील सांगता येत नाही.