ऋतुजाचा प्रोसेसर आणि अण्णांचा नायट्रोजन

ऋतुजा खुटवड आमच्या कंपनीत आली तेव्हा मी खरेदी विभागात होते, आणि आमची ओळख भांडणातूनच झाली. सातारा रस्त्यावरची आमची कंपनी इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड बनवते. ऋतुजा ते बोर्ड तपासायच्या विभागात होती. व्होल्टेज मोजायला मी मागवलेला नवा मल्टिमीटर तिने परत पाठवला.

"सुनीतीताई, हा दुसऱ्या दशांशात खोटं बोलतो," ती म्हणाली.

"दुसऱ्या दशांशात बघायला जातंय कोण?"

"मी."

सगळा जन्म नारायण पेठेत गेलेल्या माझ्यासारखीला असलं उत्तर आवडणारच. मी मल्टिमीटर बदलून दिला आणि आम्ही डबा एकत्र खायला लागलो.

ती कात्रजच्या पलीकडच्या एका गावातून यायची. ते गाव आता महापालिकेत आलंय. पत्ता शहराचा, पाणी टँकरचं. तिचे वडील मच्छिंद्र खुटवड गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करायचे. मोटरसायकलला नायट्रोजनचा डबा बांधून गावोगाव फिरायचे. गाईसाठीचं बीज टिकवायचं तर ते भयंकर गार ठेवावं लागतं, म्हणून द्रव नायट्रोजन. त्यांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. अलीकडे गोठ्यांच्या जागी इमारती आल्या आणि अण्णांना येणारे फोन कमी कमी होत गेले.

ऋतुजाचा छंद मला कळायला बरेच डबे लागले. प्रोसेसरला कारखान्यातून एक वेग ठरवून दिलेला असतो. त्याला त्याहून जोरात पळवायचं, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. जोरात पळायला त्याला जास्त व्होल्टेज लागतं आणि ते मदरबोर्ड, म्हणजे प्रोसेसर ज्यावर बसतो तो बोर्ड, देतो. व्होल्टेज वाढलं की उष्णता वाढते, आणि उष्णता हाताबाहेर गेली की कॉम्प्युटर बंद पडतो. कधी कधी कायमचा.

"आणि हे सगळं कशासाठी?" मी विचारलं.

"तुम्ही सिंहगड चढता तो कशासाठी?"

"भजी खायला," मी म्हटलं. ती हसली, पण मला उत्तर मिळालं होतं.

पगारातून एकेक भाग घेत तिने वर्षभरात स्वतःचा मोठा कॉम्प्युटर जुळवला. आणि एका चुकीत घालवला. वेग वाढवताना तिने बाकी सगळे आकडे स्वतः भरले, पण एक व्होल्टेज 'ऑटो'वर राहू दिलं. म्हणजे ते किती द्यायचं ते मदरबोर्डने ठरवायचं. मदरबोर्डने सढळ हाताने दिलं, पडद्यावर आकडा मात्र कमीच दिसत राहिला. दोन दिवसांनी पडदा काळा झाला तो झालाच. प्रोसेसर काढून पाहिला तर पाठीमागे तपकिरी डाग.

दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी तिने मला तो डाग दाखवला. प्रोसेसर रुमालात गुंडाळून आणला होता.

"रडलीस का?"

"आईसमोर नाही."

मला वाटलं, संपला हा नाद. पण ती चिडली ती बोर्डावर नाही, स्वतःवर. "मी आकडा पडद्यावर वाचला आणि खरा धरला. मोजला नाही," एवढंच म्हणाली. पुन्हा पैसे साठेपर्यंत वर्ष गेलं. त्या वर्षात ती दर रविवारी कुणा ना कुणा मित्राचा कॉम्प्युटर उघडायची आणि मदरबोर्डवरच्या बारीक ठिपक्यांवर मल्टिमीटर टेकवून प्रत्यक्ष किती व्होल्टेज येतंय ते बघायची. तिथे तिला समजलं की प्रोसेसरवर कामाचा भार आला की व्होल्टेज थोडं खाली बसतं, घरात पाण्याची मोटर लावली की दिवा मंद होतो तसं. ते भरून काढायची सेटिंगही असते. बरेच जण ती शेवटच्या टोकाला नेऊन ठेवतात. मग भार उतरला की व्होल्टेज उसळी मारतं आणि ती उसळी पडद्यावर दिसतही नाही. ऋतुजा ती सेटिंग मधेच ठेवायची आणि थोडी घट सोसायची.

नवा कॉम्प्युटर झाला त्याच सुमारास पुण्यात ओव्हरक्लॉकिंगची स्पर्धा जाहीर झाली. यात प्रोसेसर पंख्याने नाही, द्रव नायट्रोजनने गार करतात. प्रोसेसरवर तांब्याचं भांडं बसवायचं आणि त्यात नायट्रोजन ओतत राहायचं. जोडी लागते. एकाने ओतायचं, दुसऱ्याने कीबोर्डवर वेग आणि व्होल्टेज सांभाळायचं. ओतायला तिचा कॉलेजमधला मित्र समर्थ येणार होता. नायट्रोजनने बोट कसं जातं याचा व्हिडिओ बघून त्याने नकार कळवला.

त्या संध्याकाळी तिने अण्णांना विचारलं. हे तिनेच मला सांगितलं.

"मशीनला नायट्रोजन?" अण्णा म्हणाले. "ते काय गाभण राहणार हाय का?"

"अण्णा, मस्करी नको. उणे एकशे दहावर धरून ठेवायचंय. जास्त गार झालं तरी ते बंद पडतं, कमी गार झालं तरी."

"धरून ठेवायचं म्हंजे थेंबाथेंबानं द्यायचं."

"हो."

"मग तसं सांग की."

मी तिला विचारलं, "वडील घरी बसून असतात, म्हणून बोलावलंस ना?"

"नाही हो ताई," ती म्हणाली. "ते बसून असतात याचं मला वाईट वाटतंच. पण मला ओतणारा माणूस हवा होता आणि त्यांच्याइतका चांगला कोणी मला माहीत नाही."

सराव बघायला मी एका रविवारी त्यांच्या घरी गेले. अण्णांनी आधी सगळ्या खिडक्या उघडल्या, पंखे लावले. "ह्या वाफंनं खोलीतली हवा जाते, ताई. माणूस कळायच्या आत आडवा होतो. तुम्ही दाराशी बसा," मला म्हणाले. गारव्याने हवेतलं पाणी मदरबोर्डवर जमतं आणि बोर्ड जळतो, म्हणून त्यावर पेट्रोलियम जेलीचा थर द्यावा लागतो. ऋतुजा छोट्या ब्रशने तो देत होती. अण्णांनी ब्रश बाजूला ठेवला आणि बोटाने जेली लावायला घेतली, गाईच्या सडाला मलम लावतात तशी, कोपरा न् कोपरा. ऋतुजाने मान वाकवून बघितलं आणि दुसऱ्या बाजूने तीही बोटाने लावू लागली.

पहिल्या दिवशी त्यांचं जुळेना. अण्णा सवयीने सावकाश ओतायचे. ऋतुजाने भार टाकला की प्रोसेसर एकदम तापायचा आणि तापमानाचा काटा उणे नव्वदवर यायचा.

"अण्णा, मी 'टाकते' म्हटलं की आधी ओता. मग मी टाकेन."

"मग आधी सांग. गाय बी लाथ मारायच्या आधी कान हलवती."

तेव्हापासून भार टाकायच्या आधी ती टेबलावर बोटाने टकटक करायची. जुळलं.

स्पर्धा कॅम्पातल्या एका हॉटेलच्या सभागृहात झाली. मीही त्यांच्याबरोबर गेले होते. दहा-बारा जोड्या होत्या, बहुतेक मुलगेच. अण्णा पांढरा सदरा, टोपी घालून आले होते, हातात जाड हातमोजे. आयोजकांपैकी एकाने त्यांना प्रेक्षकांच्या खुर्च्यांकडे नेलं. ऋतुजा म्हणाली, "ते माझ्या टीममध्ये आहेत." त्याने माफी मागितली आणि अण्णांच्या गळ्यात स्पर्धकाचं कार्ड घातलं. ते त्यांनी सबंध दुपार सरळ करून करून छातीवर ठेवलं.

वाढवलेल्या वेगावर कॉम्प्युटरने एक ठरलेली चाचणी पूर्ण केली तरच तो वेग धरला जायचा. पहिल्या फेऱ्यांमध्ये ऋतुजा चौथ्या-पाचव्या जागी होती. सगळ्यात पुढे खालिद नावाचा तरुण होता, कॅम्पातलाच. त्याची बहीण खुशनुमा त्याच्यासाठी ओतत होती. शेवटचा तास आला तसे सगळे व्होल्टेज चढवू लागले. आमच्या शेजारच्या टेबलावर फट् असा बारीक आवाज झाला आणि ती दोन मुलं एकमेकांकडे बघत उभी राहिली. ऋतुजानेही व्होल्टेज वाढवलं. कॉम्प्युटर हँग झाला. तिने आणखी एक पायरी वाढवली. तो चाचणी संपायच्या आत पुन्हा हँग झाला.

ती खुर्चीत मागे टेकली. घड्याळाकडे बघितलं नाही. मल्टिमीटरची टोकं बोर्डावर टेकवून बराच वेळ आकडा बघत राहिली. मला राहवेना. मी म्हटलं, "अगं, वेळ चाललाय."

"जाऊ दे, ताई." मग अण्णांकडे वळून, "अण्णा, मघापासून जास्त ओतावं लागतंय का?"

"लई. पिऊनच टाकतंय."

"म्हणजे मी त्याला उगाच तापवतेय."

तिने व्होल्टेज कमी केलं. सबंध सभागृह वाढवत असताना ती तीन पायऱ्या खाली आली, आणि वेग मात्र एक पायरी चढवला. शेजारच्या टेबलावरचा मुलगा न राहवून म्हणाला, "अगं, क्रॅश होईल!"

"होऊ दे," ती म्हणाली आणि टेबलावर टकटक केली.

अण्णांनी ओतलं. पांढरी वाफ टेबलावरून खाली सांडली. काटा उणे एकशे दहावर आला आणि तिथेच राहिला. अण्णांचं मनगट तेवढं हलत होतं. पडद्यावरची पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली. चाचणी पूर्ण झाली. ऋतुजा दुसरी आली होती.

तिने हात वर केले नाहीत की किंचाळली नाही. आधी वीज बंद केली, भांडं कोरडं केलं, प्रोसेसर काढून उलटा करून पाहिला. स्वच्छ होता. मग तिने अण्णांच्या हातातला मोजा ओढून काढला आणि त्यांचा हात स्वतःच्या दोन्ही हातांत धरून ठेवला. अण्णा तिकडे बघत नव्हते. ते निकालाच्या फळ्यावर लिहिलेलं 'खुटवड' वाचत होते.

पहिला आलेला खालिद बक्षीस हातात घेऊनच आमच्या टेबलाशी आला. "कमी केलंस?" त्याने ऋतुजाला विचारलं. "माझी हिंमत झाली नसती." मग तो अण्णांकडे वळला. "अंकल, एवढं स्टेडी मी कुणाला ओतताना पाहिलं नाही. खुशनुमाची परीक्षा आहे. पुढच्या महिन्यात माझ्यासाठी ओताल का?"

अण्णांनी गळ्यातलं कार्ड सरळ केलं. "हिला इचारा," ऋतुजाकडे बोट दाखवून ते म्हणाले. "मी हिच्याकडं कामाला हाय."

ऋतुजाने परवानगी दिली, पण अट घातली: खालिदने त्याच्या बोर्डावरची मोजमापं तिला घेऊ द्यायची. तो लगेच हो म्हणाला. आता महिन्यातून एक-दोन रविवार अण्णा कुणाच्या ना कुणाच्या घरी ओतायला जातात आणि जिथे जातील तिथे आधी खिडक्या उघडायला लावतात. गेल्या उन्हाळ्यात ऋतुजाने आमच्या कार्यालयातले कॉम्प्युटर हाती घेतले आणि एकेकाचं व्होल्टेज जपून खाली आणलं. ते गार चालू लागले, पंख्यांची घरघर थांबली. साहेबांना फरक कळायला आठवडा लागला. "आज एवढं शांत कसं?" त्यांनी विचारलं. ऋतुजा जेवत होती. तिने पोळीचा घास संपवला आणि मला म्हणाली, "तुम्हीच सांगा, ताई. मला आज लोणचं संपवायचंय."