डाव्या चाकाचे आटे

मला माझ्या नवऱ्याचा हेवा वाटायचा, आणि तोही माझ्याच माहेरी. नवऱ्यावर जळायला बायकांना शंभर कारणं सापडतात. मला सापडली होती एक गंजलेली जीप.

बाबा कारखान्यात फिटर होते. लिलावात घेतलेली ती जीप माझ्या लहानपणी अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या आमच्या घरासमोरून ऐटीत निघायची. पुढे ती ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं सडत पडली. निवृत्तीनंतर बाबांनी ती पुन्हा उभी करायचं मनावर घेतलं आणि मदतीला बोलावलं कुणाला, तर जावयाला. जावई कंपनीत साहेब. आमच्याकडे खरवईला नळाचा वॉशर बदलायलासुद्धा प्लंबर येतो. तरी दर रविवारी आम्ही अंबरनाथला जायचो. मी आत भाकऱ्या थापायची आणि तो बाहेर पाना धरायचा.

खिडकीतून मला सगळं ऐकू यायचं. आदल्या दिवशीच नटांवर डिझेल सोडून ठेवायचं. हातोडीनं हलकं ठोकायचं, म्हणजे गंज फुटतो आणि डिझेल आत उतरतं. मग आधी केसभर आवळायचं आणि मगच सोडवायला घ्यायचं. "गंजलेल्या नटाशी भांडायचं नाही, जावईबापू," बाबा म्हणायचे, "त्याची समजूत काढायची." माझी समजूत त्यांनी इतक्या मायेनं कधी काढल्याचं मला आठवत नाही. पुढच्या उजव्या चाकाचे सगळे नट धड निघाले, तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवले. मी दहावीला शाळेत पहिली आले होते, तेव्हा शेजारी पेढे द्यायला आई गेली होती. माझ्या हातातली भाकरी त्या दिवशी करपली, आणि मी ती मुद्दाम नवऱ्याच्या ताटात वाढली.

पुढच्या रविवारी बाबा आईकडून डोळ्यांत औषध घालून घ्यायला आत आले. मी चहा घेऊन बाहेर गेले, तर नवरा आपल्या मनानंच डाव्या चाकाला भिडला होता. नट जागचा हलत नव्हता. बाबा यायच्या आत तो काढून त्यांना दाखवायचा, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. समजूतबिमजूत विसरून त्यानं पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवला.

तो चुकीच्या बाजूला जोर लावत होता. त्या जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. बाकीचे नट ज्या बाजूला फिरवले की सुटतात, त्या बाजूला हे आवळले जातात. मला हे तिसरीत असल्यापासून ठाऊक होतं. बाबा चाकं काढायला बसले की नटांची वाटी मी धरायची, आणि एकही नट मातीत पडू दिला नव्हता.

एक वाक्य बोलायचं होतं. मी कप हातात धरून उभी राहिले. त्याची एकदा तरी फजिती व्हावी, असं मला मनापासून वाटत होतं.

त्यानं अंगाचा सगळा भार टाकला आणि नट ज्यावर बसतो तो स्टडच नटासकट तुटला. आवाज ऐकून बाबा धावत बाहेर आले. माझ्या हातून झालं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. पण त्यांनी जावयाच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, चूक माझी, डावीकडचे आटे उलटे असतात, हे सांगायचंच राहिलं. नवरा ओशाळून म्हणाला की असं काही असतं हे कुणाला सुचणार.

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी इतका वेळ तिथंच उभी होते, हे त्याला कळायला वेळ लागला नाही. मला लाज वाटली, पण बाबांकडे बघत मी थांबले. आता ते रागावतील आणि म्हणतील, माहीत होतं तर बोलली का नाहीस. तेवढं तरी ते मला म्हणतील.

बाबांनी नवल वाटून विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. चाकं काढताना मी तुमच्याजवळ बसायचे ना."

त्यांनी डोळे बारीक करून खरंच आठवून पाहिलं.

"छे गं," ते म्हणाले, "तेव्हा तर मी एकटाच असायचो."